ट्यूबच्या शेपटीवरचा चौकोन

टूथपेस्टच्या ट्यूबला दोन टोकं असतात. एका टोकाला झाकण असतं आणि दुसऱ्या टोकाला रहस्य. त्या चपट्या शेपटीवर एक रंगीत चौकोन छापलेला असतो, कधी हिरवा, कधी निळा, कधी लाल, कधी काळा. व्हॉट्सॲपवर वर्षातून निदान एकदा उगवणारा एक संदेश सांगतो की हिरवा चौकोन म्हणजे संपूर्ण नैसर्गिक, निळा म्हणजे नैसर्गिक अधिक औषधी, लाल म्हणजे नैसर्गिक अधिक रासायनिक आणि काळा म्हणजे निव्वळ केमिकल. खाली जोडलेले हात आणि ‘ही माहिती कंपन्या तुमच्यापासून लपवतात’ अशी तळटीप.

आमच्या दाजींना हा संदेश निवृत्त झाल्या झाल्या आला. दाजी म्हणजे ताईचे यजमान. सहकारी बँकेत त्यांची सगळी नोकरी लोकांच्या सह्या ताडून बघण्यात गेली. सही जुळली नाही तर समोर सख्खा भाऊ उभा असला तरी चेक परत जायचा. निवृत्तीनंतर ताडायला सह्या उरल्या नाहीत, ट्यूबा उरल्या. त्यांनी आधी स्वतःच्या घरातल्या तपासल्या, मग शेजाऱ्यांच्या, आणि दिवाळीत आमच्याकडे आले तेव्हा बाथरूममधून काळ्या चौकोनाची ट्यूब मेलेल्या उंदरासारखी दोन बोटांत धरून बाहेर आणली.

“हे तुम्ही तोंडात घालता?”

सगळे एकमेकांच्या दातांकडे बघू लागले. आत्या तेवढी निर्धास्त होती. “माझे पेल्यात असतात जावईबापू,” ती म्हणाली, “त्यांना काही होतंय का, बघून सांगा.”

चौकोनाची खरी हकिगत अगदीच मिळमिळीत आहे. कारखान्यात ट्यूबांचं छापील आवरण भराभर पुढे सरकत असतं. कुठे कापायचं, आणि भरलेल्या ट्यूबचं तोंड कोणत्या बाजूनं केलं म्हणजे कंपनीचं नाव बरोबर समोर येईल, हे यंत्राला कळावं लागतं. यंत्राचा डोळा तो चौकोन हुडकतो, सापडला की पुढचं काम करतो. म्हणून त्याला आय मार्क म्हणतात. त्याचा रंग ठरतो तो मागच्या रंगावर उठून दिसण्यावरून आणि डब्यात कोणती शाई आहे त्यावरून. नैसर्गिक आणि केमिकल असे तर पदार्थांचे दोन पक्षच नसतात. मीठ केमिकल आहे, पाणी केमिकल आहे, आणि हळद तर केमिकलांचं संमेलन आहे.

हे सगळं सांगितल्यावर दाजींचा चेहरा पडला. आपल्या दातांवर विषप्रयोग होत नाही याचा आनंद त्यांना व्हायला हवा होता. झालं उलटंच. “म्हणजे ते यंत्रासाठी आहे?” त्यांनी विचारलं. “आपल्यासाठी काहीच नाही?”

दाजींची ही खंत मला फार मोलाची वाटते. घरातल्या वस्तूंवरचा जो मजकूर आपल्या नावाचा नसतो, तो आपण भिंग लावून वाचतो. जो खास आपल्यासाठी छापलेला असतो, तो प्लास्टिकच्या पिशवीसकट खणात टाकतो. दुसऱ्याचं पत्र वाचायची गोडी वेगळीच. त्यात आपल्याविरुद्ध काहीतरी असेल अशी आशा असते.

ट्यूब प्रकरण मिटल्यावर दाजींनी गॅसच्या सिलिंडरकडे मोर्चा वळवला. सिलिंडरच्या गळ्याभोवतीच्या कड्याला आधार देणाऱ्या तीन उभ्या पट्ट्या असतात. त्यांतल्या एकीवर आतल्या बाजूनं एक इंग्रजी अक्षर आणि दोन आकडे रंगवलेले असतात. समजा, डी २७. ए म्हणजे जानेवारी ते मार्च, बी म्हणजे एप्रिल ते जून, सी म्हणजे जुलै ते सप्टेंबर, डी म्हणजे ऑक्टोबर ते डिसेंबर, आणि आकडे वर्षाचे. व्हॉट्सॲपनं याचं नाव ‘गॅसची एक्स्पायरी डेट’ असं ठेवलं आहे. गॅस काही दूध नाही नासायला. ती तारीख टाकीच्या परीक्षेची असते. त्या मुदतीला सिलिंडर बाजूला काढून पाण्याच्या दाबाखाली तपासायचा असतो. मुदत उलटलेला सिलिंडर दारात आला तर तो परत पाठवण्याचा अधिकार आपल्याला आहे, एवढं मात्र खरं. म्हणजे संदेश निम्मा बरोबर निघाला आणि त्यामुळे दाजींचा आत्मविश्वास दुप्पट झाला. आता गॅसवाला आला की दाजी चष्मा लावून सिलिंडरला प्रदक्षिणा घालतात. तो बिचारा मजला चढून घामाघूम झालेला असतो. “काका, मंदिरात सुद्धा एवढ्या घालत नाही कोणी,” तो एकदा म्हणाला.

प्रदक्षिणेत दाजींना रिकाम्या टाकीचं वजनही लिहिलेलं सापडलं. त्यात १४.२ किलो मिळवायचे की भरलेल्या सिलिंडरचं वजन येतं, आणि वजनकाटा मागायचा हक्क गिऱ्हाइकाला असतो. आता गॅसवाला काटा आधीच हातात धरून बेल वाजवतो.

सिलिंडरवरचा खरा मजकूर मात्र पट्टीवर नसतो, हवेत असतो. एलपीजीला स्वतःचा असा वास नाही. आपण ज्याला गॅसचा वास म्हणतो तो त्यात मुद्दाम मिसळलेल्या इथिल मरकॅप्टनचा. सडका कोबी आणि लसूण यांच्यामधलं काहीतरी, आणि इतकं जालीम की हवेत नावापुरतं असलं तरी नाक त्याला पकडतं. यामागची गोष्ट हसण्यासारखी नाही. १९३७ साली अमेरिकेतल्या टेक्सस राज्यात न्यू लंडन नावाच्या गावी एका शाळेत बिनवासाचा नैसर्गिक वायू गळत राहिला, कोणाला पत्ता लागला नाही, आणि ठिणगी पडल्यावर शाळाच उडाली. तीनशेच्या आसपास जीव गेले, त्यात बहुतेक मुलं होती. त्यानंतर वायूला वास लावण्याचा कायदा टेक्ससनं केला. तेव्हा हा दुर्गंध म्हणजे आपल्या नाकाच्या नावानं रोज येणारं पत्र आहे आणि ते आपण निमूटपणे वाचतो. कारण तिथे न वाचायची सोयच नाही.

वाचायची सक्ती नसेल तर काय होतं, ते बघायला स्वयंपाकघरात दोन पावलं पुढे जायचं. तिथे कुकर आहे.

प्रत्येक कुकरबरोबर एक पुस्तिका येते. आमच्याकडच्या कुकरची पुस्तिका लग्नातल्या आहेरासोबत आली होती आणि ती अजून कोरी करकरीत आहे. तिच्यात लिहिलेलं असतं की पहिली शिट्टी झाली म्हणजे आत पुरेसा दाब तयार झाला. आता आच मंद करा आणि तिथून पुढे मिनिटं मोजा. भाताला इतकी, डाळीला इतकी, राजम्याला इतकी. पुस्तिका मिनिटांत बोलते. अख्खा महाराष्ट्र शिट्ट्यांत बोलतो. तीन शिट्ट्यांचा भात, चार शिट्ट्यांची डाळ, आणि ‘होऊ देत अजून दोन’ शिट्ट्यांचे छोले. शाळेत आठ वर्षं भौतिकशास्त्र शिकवलेल्या बाईसुद्धा घरी आल्या की शिट्ट्याच मोजतात.

आत काय चाललेलं असतं ते तसं सरळ आहे. झाकणावरचं वजन वाफेची वाट अडवून बसतं. आतला दाब बाहेरच्यापेक्षा दर चौरस सेंटिमीटरला साधारण एक किलोनं वाढला की पाणी शंभरऐवजी एकशेवीस अंशांच्या आसपास उकळायला लागतं आणि अन्न झटपट शिजतं. दाब त्यापुढे गेला की वाफ वजनाला उचलते आणि सूं करून निघून जाते. म्हणजे शिट्टी ही डाळ शिजल्याची बातमी मुळीच नव्हे. खाली आच गरजेपेक्षा मोठी आहे, अशी ती कुकरची तक्रार आहे. मोठ्या बर्नरवर चार तक्रारी पाच मिनिटांत होतात, बारक्या आचेवर वीस मिनिटांत. पाणी किती, कुकर केवढा, रबर किती थकलेलं, यावर हिशेब आणखी फिरतो. त्यामुळे ताईच्या साताऱ्याच्या चार शिट्ट्या आणि आमच्या पुण्याच्या चार शिट्ट्या यांचा परस्परांशी काहीही संबंध नाही, आणि तरीही गेल्या तीन पिढ्या मराठी मुली सासरी जाताना हेच आकडे पदराला बांधून नेत आल्या आहेत.

शिवाय आकडा जरी कायम असला तरी तो मोजतो कोण? कुकर लावणारी व्यक्ती नेमकी दुसऱ्या शिट्टीला फोनवर असते. मग ती घराला उद्देशून विचारते, “किती झाल्या?” घर या प्रश्नाला कधीही एकमतानं उत्तर देत नाही. बाबा म्हणतात दोन. मुलगा म्हणतो चार, कारण त्याला भूक लागलेली असते. आंघोळीला गेलेला माणूस आतून ओरडतो, “तीन! मी मोजतोय!” या तिनांतली एक हमखास खालच्या मजल्यावरच्यांची असते. आमच्या सोसायटीत संध्याकाळी साडेसातला इतके कुकर एकदम बोलतात की कोणाची शिट्टी कोणाच्या डाळीला लागू झाली हे सांगता येत नाही. आमचं वरण कित्येकदा जोशांच्या शिट्टीवर उतरलेलं आहे. आणि कधी एखादी शिट्टी धड वाजतच नाही, नुसतीच फुसफुसते. ती धरायची की नाही यावर मी घराघरांतून जेवढा खल झालेला पाहिला आहे, तेवढा पंचायतीतसुद्धा पाहिलेला नाही. आत्याचा निवाडा असा की फुसकीला अर्धी धरावी.

या भांड्याचा मूळपुरुष देनी पापाँ नावाचा फ्रेंच गृहस्थ. त्यानं १६७९ साली लंडनमध्ये रॉयल सोसायटीच्या विद्वानांना घट्ट झाकणाचं एक भांडं दाखवलं. कडक हाडंसुद्धा त्यात मऊ व्हायची. भांडं फुटू नये म्हणून वाफ सोडून देणारी वजनाची झडपही त्यानंच बसवली. आपल्या शिट्टीचा वंश तिथून सुरू होतो. १६८२ साली या भांड्यात शिजवलेल्या जेवणाची विद्वानांना मेजवानीही झाली आणि जॉन ईव्हलिननं ती आपल्या रोजनिशीत नोंदवून ठेवली. एवढे शास्त्रज्ञ पंगतीला होते, पण शिट्ट्या किती काढल्या हे विचारायचं कोणाला सुचलं नाही. एकही बाई आतून ओरडली नसावी.

आमची भाची न्यू जर्सीला असते. तिच्याकडे विजेचं इन्स्टंट पॉट आहे. २०१० साली कॅनडात निघालेलं हे यंत्र अमेरिकेतल्या देशी घरांतून आता देव्हाऱ्याइतकंच पक्कं होऊन बसलं आहे. त्यात सगळं मिनिटांत. बटण दाबा, आकडा टाका, जा. शिट्टी नाही.

भाचीनं पहिल्या आठवड्यात व्हिडिओ कॉल केला. “आई, तुरीच्या डाळीला किती?”

“चार,” ताई म्हणाली.

“चार काय?”

“चार काय म्हणजे? शिट्ट्या!”

“अगं, याला शिट्टीच नाहीये.”

ताई बराच वेळ काही बोलली नाही. जावई गप्प स्वभावाचा निघाला तेव्हासुद्धा तिला एवढा धक्का बसला नव्हता. दाजींनी मध्ये तोंड घालून एका शिट्टीची मिनिटं किती याचं सूत्र मांडायला घेतलं. पण त्या यंत्रातला दाब आपल्या कुकरपेक्षा थोडा कमी असतो, त्यामुळे दाजींचा ताळा काही जमेना. शेवटी ताईनं तोडगा काढला. भाची सकाळी तिकडे डाळ लावते तेव्हा साताऱ्यात संध्याकाळ झालेली असते. तिनं बटण दाबलं की ताई इकडे आपला कुकर चढवते. साताऱ्याच्या चार शिट्ट्या झाल्या की ताई फोनवर सांगते, “आता काढ.” न्यू जर्सीतलं वरण आजही साताऱ्याच्या गॅसवर चालतं. पुस्तिका दोन्ही घरी आहेत. दोन्ही खणात आहेत.

दाजींना खरं ज्ञान झालं ते एसीच्या दुकानात. पोरानं आग्रह करून त्यांना नेलं होतं. दुकानदार म्हणाला, या खोलीला दीड टनाचा लागेल. दाजी खाली बसले. बाहेरचा भाग गॅलरीत लावायचा आहे, आणि गॅलरीचा स्लॅब बिल्डरनं कसा घातला आहे ते त्यांनी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं होतं. “दीड टन पेलेल का हो?” त्यांनी काळजीनं विचारलं. दुकानदारानं हसू दाबत सांगितलं की काका, हे वजन नाही. मग काय आहे, या प्रश्नावर त्याच्याकडेही उत्तर नव्हतं. “टनेज असतं ते,” एवढंच तो म्हणाला.

तर त्या टनात बर्फ आहे. यंत्रानं गारवा करायला सुरुवात होण्याआधी अमेरिकेत गारवा बर्फाच्या लाद्यांनी मिळायचा आणि वजनावर विकला जायचा. यंत्रं आली तेव्हा त्यांची ताकद सांगायला जुनंच माप कामाला आलं. एक अमेरिकी टन, म्हणजे २,००० पौंड किंवा साधारण ९०७ किलो बर्फ चोवीस तासांत वितळताना जेवढी उष्णता शोषून घेतो, तेवढी उष्णता खोलीबाहेर फेकणारं यंत्र एक टनाचं. विजेच्या भाषेत सुमारे साडेतीन किलोवॉट. दीड टनाचा एसी रात्रभर, आठ तास, पूर्ण जोरानं चालला तर त्यानं साडेचारशे किलो बर्फाचं काम केलेलं असतं. तेवढा बर्फ रोज रात्री पलंगाखाली आणून ठेवायचा म्हटलं तर गॅलरीची काळजी खरीच करावी लागली असती.

आणि मुंबईला हे काही नवीन नव्हतं. बॉस्टनच्या फ्रेडरिक ट्यूडरनं तळ्यांतला बर्फ भुशात गुंडाळून १८३३ साली जहाजानं कलकत्त्याला पाठवला आणि पाठोपाठ मुंबईतही अमेरिकेचा बर्फ उतरू लागला. सर जमशेटजी जीजीभाईंनी तेव्हा घरच्या मेजवानीत आइस्क्रीम ठेवलं आणि नंतर मंडळींना सर्दी झाली, असा किस्सा सांगतात. मला त्यातली सर्दीच जास्त खरी वाटते. पाहुण्यांना थंड काही दिलं आणि घरातलं कोणी वडीलधारं ‘बघ, सांगितलं होतं’ असं म्हणालं नाही, हे या शहरात शक्य नाही.

काही मजकूर मात्र अगदी आपल्यासाठी, आपल्या डोळ्यांसमोर आणि रोज असतो. मोटारीत पेट्रोलचा काटा दाखवणाऱ्या पंपाच्या चित्राशेजारी एक बारका बाण असतो. ज्या बाजूला तो वळलेला, त्या बाजूला गाडीचं टाकीचं झाकण. बस्स. १९८६ साली फोर्ड कंपनीतला जिम मॉयलन नावाचा एक इंजिनिअर कंपनीची गाडी घेऊन भर पावसात पंपावर गेला, चुकीच्या बाजूनं गाडी लावली, फिरवून लावली आणि भिजला. परत आल्यावर अंगावरचे कपडे वाळायच्या आत त्यानं चिठ्ठी लिहून हा बाण सुचवला. १९८९च्या मॉडेलांपासून तो गाड्यांवर आला, मग बहुतेक सगळ्यांनीच उचलला. आपल्याकडे मात्र भाड्याची गाडी पंपावर शिरताना मागच्या सीटवरून अजूनही तीन जण मुंडी बाहेर काढून वाकून बघतात आणि तीन वेगवेगळ्या बाजू सांगतात. पंपावरचा मुलगा नळी ओढून ज्या बाजूला नेतो ती चौथी.

नोकियानं तर आपल्याशी उघड उघड सांकेतिक भाषेत बोलून घेतलं. आठवा तो आवाज. टिटिटि, टीऽ टीऽ, टिटिटि. लोकलच्या डब्यात तो वाजला की पंधरा माणसं खिसे चाचपायची. तीन टिंबं, दोन रेघा, तीन टिंबं. मोर्सच्या तारेत तीन टिंबं म्हणजे एस आणि दोन रेघा म्हणजे एम. फोन बिचारा अक्षरशः ‘एसएमएस, एसएमएस’ असं ओरडत होता. तारखात्यात नोकरी केलेला एखादा निवृत्त मास्तर त्या डब्यात बसला असेलच तर त्याला काय वाटलं असेल, याचा मी पुष्कळदा विचार केला आहे. आयुष्यभर तारा घेतल्या, आणि आता पोरांच्या खिशातून तारा वाजतात, त्याही मजकूर नसलेल्या. फोन आल्यावर वाजणारी नोकियाची ती प्रसिद्ध धून तर १९०२ सालच्या एका वॉल्ट्झमधली, स्पेनच्या फ्रान्सिस्को तारेगाची. तेव्हा ज्यांनी ज्यांनी नाट्यगृहात ती वाजवून अख्ख्या प्रयोगाचा विचका केला, त्यांनी निदान अभिजात संगीतानं केला.

जिथे मजकूरच नसतो तिथे आपण तो स्वतः लिहितो. पार्ले-जीच्या पुड्यावरची मुलगी आठवा. ती खरी कोण, याचे फोटोंसकट पुरावे गेली कित्येक वर्षं फिरताहेत. कोणीतरी म्हाताऱ्या बाई हसऱ्या चेहऱ्यानं उभ्या, खाली ‘हीच ती मुलगी’. कंपनीनं सांगून टाकलं आहे की साठच्या दशकात जाहिरात संस्थेतल्या मगनलाल दहिया या चित्रकारानं काढलेलं ते नुसतं चित्र आहे. पण चित्र म्हातारं होत नाही, आणि फॉरवर्ड करायला कोणीतरी म्हातारं झालेलं लागतं. दाजींनी हा खुलासा वाचला आणि फोटो पुढे पाठवला. “दोन्ही बाजू लोकांना कळल्या पाहिजेत,” ते म्हणाले. खुलासा त्यांनी पाठवला नव्हता.

बॉलपेनच्या टोपणाला टोकाशी भोक असतं, तो सुद्धा असाच एक निरोप. कोणासाठी? आपल्या घशासाठी. पोरं पेन चावतात, टोपण घशात अडकू शकतं, तेव्हा थोडी हवा तरी जावी म्हणून ते भोक. असं टोपण कसं असावं याचं आंतरराष्ट्रीय मानकसुद्धा आहे. आमच्या वर्गात मात्र ते भोक शिट्टी वाजवण्यासाठीच केलेलं आहे याबद्दल कोणाला शंका नव्हती. कंपासपेटीची तीच कथा. कर्कटक बाकावर नावं कोरायला, कोनमापक चंद्र काढायला, आणि दोन्ही गुण्ये वर्षभर एकमेकांच्या अंगावर पडून राहायला. लाल-निळ्या खोडरबरानं निळ्या बाजूनं शाई खोडता येते, असं ते बनवणाऱ्यांचं म्हणणं. ती बाजू खरखरीत असते आणि शाईबरोबर कागदाचा वरचा पापुद्रा खरवडून काढते. आम्ही ती पूर्ण ताकदीनं वापरायचो, त्यामुळे चुकीचं उत्तर, बरोबर उत्तर आणि मागच्या पानावरची कविता अशी तिन्ही एकदमच जायची. बाई वही उजेडाकडे धरून त्यातून आमच्याकडे बघायच्या.

त्याहून वर आहे तीन पिनांचा सॉकेट. प्लगची वरची पिन जाड आणि लांब असते ती अर्थिंगची. लांब एवढ्यासाठी की ती आधी जोडली जावी आणि शेवटी सुटावी. जाड एवढ्यासाठी की ती भलत्या भोकात जाऊ नये. चांगल्या सॉकेटमध्ये खालच्या दोन भोकांवर आतून पडदे असतात आणि वरची पिन आत गेल्याशिवाय ते उघडत नाहीत. लहान मुलांनी त्यात काही खुपसू नये म्हणून केलेली ही तजवीज. भारतातल्या मोठ्या माणसांनी तिच्यावर उपाय शोधला आहे. दोन पिनांचा चार्जर घालायचा असला की वरच्या भोकात आधी पेन खुपसायचं. अभियंत्यांनी मुलांचा विचार केला होता, बाबांचा केला नव्हता. आमच्याकडे या कामासाठी एक वेगळं पेन खास राखून ठेवलेलं आहे, आणि त्याला कोणी लिहायला हात लावला तर आई ओरडते.

राहता राहिला रिमोट. टीव्हीच्या किंवा सेट टॉप बॉक्सच्या रिमोटवर खाली ओळीनं लाल, हिरवं, पिवळं आणि निळं अशी चार बटणं असतात. ती आली ब्रिटनमधून. तिथे टीव्हीच्या पडद्यावर बातम्या आणि हवामान अक्षरांत दाखवणारी टेलिटेक्स्ट नावाची सोय होती. ऐंशीच्या दशकात पानांवरून पानांवर झटकन उडी मारायला ही रंगीत बटणं निघाली. बीबीसीची ती सेवा २०१२ साली बंद झाली. बटणं मात्र अजून जन्माला येताहेत, आणि हल्ली ज्याचं त्यानं त्यांना हवं ते काम लावून दिलेलं असतं. आमच्या घरात रिमोट आल्या दिवसापासून प्लास्टिकच्या पिशवीत रबरबँड लावून गुंडाळलेला आहे. त्या पिशवीवरून चॅनल आणि आवाज यांच्या खुणा झिजल्या आहेत. पण ही चार बटणं दुकानातून आली तेव्हा होती तितकीच टवटवीत आहेत.

गेल्या दिवाळीत दाजींनी त्यांतलं पिवळं दाबलं. “बघू तरी काय होतं,” असं म्हणून दाबलं. आत्या प्राण्यांचं चॅनल बघत होती. पडद्यावर काहीच बदललं नाही, फक्त हिंदीत बोलणारा निवेदक एकाएकी तमिळमध्ये बोलायला लागला. दाजींनी पुन्हा पिवळं दाबलं, मग निळं, मग पिवळं आणि निळं दोन्ही. निवेदक तमिळवर ठाम राहिला. कार्टून लावलं तर मांजरही तमिळ. ताईनं खण उपसला. कुकरची पुस्तिका निघाली, मिक्सरची निघाली, दहा वर्षांपूर्वी विकलेल्या फ्रिजचं वॉरंटी कार्ड निघालं. रिमोटची पुस्तिका निघाली ती फक्त इंग्रजी आणि चिनी. दाजींनी चष्मा लावून ती पहिल्या पानापासून वाचायला घेतली. आयुष्यात पहिल्यांदा ते आपल्या नावाचा मजकूर वाचत होते आणि आत्याच्या आड टीव्हीसमोर उभे होते.

“सरका हो जावईबापू,” आत्या म्हणाली. “सिंह मागे आहे, हरीण पुढे आहे. यात भाषेचं काय अडलंय?”